सतरा नंबर

“सतरा नंबर हजर आसा, बाय,” असं म्हणत लवूकाकांनी दोराला हात घातला आणि रांगेतल्या पाचसहा जणांनी हसून माझ्याकडे पाहिलं.

मी पुळणीवर वही उघडून उभी होते. पहाटे होडीनं समुद्रात अर्धगोल घेऊन जाळं टाकलं होतं आणि त्याचे दोन दोर दोन बाजूंनी किनाऱ्याला आणले होते. एकेका दोराला वीस-बावीस माणसं. सगळ्यांचा म्होरक्या बाबल तांडेल हाळी द्यायचा, सगळी एकदम मागं रेलायची, टाचा वाळूत रुतायच्या आणि दोर हातभर पुढं यायचा. असं दोन-अडीच तास चालायचं. मग जाळ्याचा फुगलेला घोळ किनाऱ्याला लागायचा, तारल्या-बांगड्यांचा ढीग पडायचा आणि तांडेल वाटे घालायचा. ही रापण. जो ओढायला आला त्याला वाटा. होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. नवरा समुद्रात बुडालेल्या आनंदीबायचाही एक वाटा, आणि मी नुसती उभी राहायचे तरी माझ्या ओंजळीत चार बांगडे पडायचे.

मी मूळची सोलापूरची. समुद्र मी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला आणि चोविसाव्या वर्षी माडवेळला येऊन त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण मला माणसं मोजायची होती. साल शहाण्णव, दिवाळी नुकतीच सरलेली. पुण्याला कारखानीस सरांकडे मी पीएचडी करत होते. सरांचा एकच प्रश्न होता आणि तो ते पंचवीस वर्षं विचारत होते. मुंगी आपल्या वारुळासाठी मरते, त्याचं नवल नाही, वारूळभर तिच्या बहिणीच असतात. पण नात्यागोत्यात नसलेल्या माणसासाठी माणूस घाम का गाळतो? सर म्हणायचे, ह्याचं उत्तर आपल्या डोक्यात नाही, पोटात आहे. लाखो वर्षांपूर्वी शिकार वाटून खाणाऱ्या टोळ्यांमध्ये ज्यांना आयतं खाणाऱ्याचा राग यायचा, ज्यांना पकडलं गेल्यावर लाज वाटायची, ज्यांना दुसऱ्याचं नुकसान केल्यावर झोप लागायची नाही, त्यांच्या टोळ्या तगल्या. आपण त्यांचे वंशज. राग, लाज, अपराधी वाटणं ही आपली हत्यारंच आहेत, दगडाच्या कुऱ्हाडीइतकी जुनी.

आयतं खाणाऱ्याला सर ‘फुकट्या’ म्हणायचे. प्रत्येक टोळीत एखादा फुकट्या निघतोच, आणि त्याचं टोळी काय करते हे बघायला मी आले होते.

वहीत कुणाचं नाव यायला नको म्हणून मी प्रत्येकाला नंबर दिला होता. दर दहा मिनिटांनी रांगेवरून नजर फिरवायची आणि नंबरापुढं खूण करायची. जोर लावून ओढत असेल तर ‘ओ’, नुसता धरून असेल तर ‘ध’, बाजूला असेल तर फुली. नंबर गुप्त ठेवायचे होते, पण लवूकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “बाय, माझो नंबर कितवो?” आणि मी सांगून बसले. तेव्हापासून ते रोज हजेरी द्यायचे. मास्तरांपुढं द्यावी तशी, अगदी छाती काढून.

मी राहायलाही त्यांच्याकडंच होते. लवू मेथर पंचावन्नचे असतील. दोन मुली सासरी गेलेल्या, घरात ते आणि शेवंतीकाकी. काकी मला सकाळी पेज द्यायची, वर लोणच्याची फोड. विहिरीवरून पाणी काकीच आणायची, लाकडंही तीच फोडायची. काका कधी जड काही उचलताना दिसले नाहीत. मला वाटलं, पुरुषमाणूस, दुसरं काय. पण जीव लावणारा माणूस. पेडवे कोणते नि तारल्या कोणत्या हे त्यांनीच शिकवलं. संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायचे, आज किती झालं, उद्या किती होणार, ह्या सगळ्याचं पुस्तक होणार का, त्यात माडवेळचं नाव येणार का. मी म्हणायचे, येणार. त्यांना त्याचा आनंद व्हायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी खुणांची बेरीज करायला बसले. जवान पोरं शंभरात ऐंशी वेळा ओढत होती, म्हातारी माणसं पन्नास-साठ वेळा. सतरा नंबरापुढं दोनशे सोळा खुणा होत्या आणि दोनशे सोळाच्या दोनशे सोळा ‘ध’. ‘ओ’ शून्य.

मला वाटलं, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारून चालत राहिले. बाकीच्यांच्या टाचांखाली वाळूत खड्डे पडत होते, काकांची पावलं फिरायला निघाल्यासारखी उठत होती. तोंडानं ते सगळ्यांबरोबर जोरात हाळी देत होते, चेहरा ओढून धरत होते, पण त्यांच्या दोन हातांमधला दोर सैल होता. असं मी चार दिवस पाहिलं.

काकांना मी काही विचारलं नाही. विचारावं असं मनात आलंसुद्धा नाही. मला फार आनंद झाला होता. बाजारातल्या एसटीडी बूथवरून मी सरांना फोन केला. सरांनी आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, “इतरांना माहीत आहे?”

“नसणार सर. माहीत असतं तर पूर्ण वाटा दिला असता का?”

“कळल्यावर काय होतं, ते खरं तुझं संशोधन. पण ढवळे, तू काही करायचं नाहीस. फक्त बघायचं.”

मी हो म्हटलं. पण माझ्या हाती दोन आठवडे उरले होते आणि नुसतं बघत राहिले तर ह्या दोन आठवड्यांत काही घडणार नाही, हे मला दिसत होतं.

त्याच सुमारास मासळी आटली. बाहेर ट्रॉलर फिरायचे, रात्रभर त्यांचे दिवे दिसायचे, आणि सकाळी आमच्या जाळ्यात शेवाळ आणि मूठभर पेडवे. वाट्याला सहा-सात मासे यायला लागले. दिगू गिरकर नावाचा, गेल्याच वर्षी गावी परतून दोराला लागलेला एक सव्वीस वर्षांचा रापणकर होता. बारावी झालेला, नुकतं लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. तो तांडेलला म्हणायला लागला की आता ज्यानं जितकं काम केलं तितकाच त्याला वाटा हवा. तांडेल ऐकून घ्यायचा आणि उत्तर द्यायचा नाही. एकदा दिगू माझ्याकडं आला.

“मॅडम, तुमच्या वहीत सगळा आसा. कोण ओढता, कोण नुसतो उभो रवता.”

मी म्हटलं, वही गुप्त आहे, कुणाला दाखवता येत नाही. तो बरं म्हणून गेला. सरळ मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी जाळी ठेवायच्या मांगरात माझी वही जाळ्यांच्या ढिगावर राहिली आणि मी चहाला गेले. अर्ध्या तासानं परत आले तर वही तिथंच होती आणि दिगू मांगरातून बाहेर पडत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

रविवारी उंडीच्या झाडाखाली रापणीची बैठक भरली. दिगू उठला आणि त्यानं खिशातून कागद काढला. नाव त्यानं एकही घेतलं नाही, नुसते नंबर वाचले. एक नंबर शंभरात ब्याऐंशी. दोन नंबर एकाहत्तर. लोकांना आधी गंमत वाटली, कोण कितवा ह्यावरून कुजबुज झाली. दिगूचा आवाज पंधरा नंबरनंतर खाली गेला. मला वाटतं, तिथं त्याला थांबायचं होतं. पण त्यानं वाचलं.

“सतरा नंबर. शून्य.”

रोज सकाळी हजेरी देणारा सतरा नंबर कोण, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं.

माझ्या मांडीवर कोरी वही होती आणि हातात पेन. कोण चिडतं, कोण पहिल्यांदा बोलतं, कोण शिवी देतं, ते मला टिपायचं होतं. कुणी चिडलं नाही. चाळीस माणसांनी माना खाली घातल्या. एकानं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरायला सुरुवात केली, दुसरा तळहातावरचा घट्टा खरवडत राहिला. पकडलं गेल्यावर दिसावेत तसे ते सगळे दिसत होते, जणू शून्य त्यांच्याच नावापुढं होतं. वर बघत होता तो एकटा बाबल तांडेल, आणि तो माझ्याकडं बघत होता. मी वहीत लिहिलं, ‘शांतता, साधारण दोन मिनिटं.’

काका उठले. सदऱ्याला लागलेली वाळू झटकली.

“बरोबर आसा,” ते म्हणाले. “शून्यच.”

आणि घराच्या वाटेला लागले. जाताना त्यांनी काकीला हाक मारली नाही. ती बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि मागोमाग गेली.

ती दोघं माडांआड गेल्यावर तांडेल बोलला. आवाज चढवला नाही.

“दिगू, तुका वाचूक येता म्हणान वाचलंस. आमका डोळे आसत.”

मग जे कळलं ते असं. तीन वर्षांपूर्वी होडी परतताना लाटेत आडवी झाली आणि जाळं सोडवायला लवूकाका पाण्यात शिरले. होडीची कड त्यांच्या उजव्या खांद्यावर बसली. आत काहीतरी कायमचं तुटलं. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या हातानं आता भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. तांडेलनं घरी वाटा पाठवला, तो काकांनी दारातून परत केला. काम न करता घेणार नाही म्हणाले. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी येऊन त्यांनी दोराला हात लावला. कुणी काही बोललं नाही. त्यांच्या पुढं आणि मागं रापणीतली सगळ्यांत दांडगी दोन माणसं आपण होऊन उभी राहायला लागली. ते ठरलं कधी, कुणी ठरवलं, हे तांडेललाही सांगता येईना. तीन वर्षं चाळीस माणसांनी हे सांभाळलं होतं. घरी बायकोपाशी कुणी बोललं नव्हतं, दारू प्यायल्यावर कुणी बोललं नव्हतं. काका दमल्यासारखे करायचे आणि बाकीचे ते दमले असं मानायचे.

“बोललो असतो तर तेच्या वाट्याची भीक झाली असती,” तांडेल म्हणाला.

चार आठवडे मी त्या दोन दांडग्या माणसांच्या नंबरांपुढं खुणा केल्या होत्या. ती रोज तिथंच का उभी असतात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हजेरी आली नाही. तांडेल स्वतः बोलवायला गेला. काका त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलले, चहा दिला आणि आले नाहीत. आठवड्यानं ते राजापूरकडं एका आंब्याच्या बागेत राखणीला गेले. जन्मभर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहिलेला माणूस डोंगरापलीकडं जाऊन राहिला. निघताना त्यांनी मला सांगितलं की जागा बदलू नकोस, काकीला सोबत होईल. बस इतकंच. मी उरलेले दिवस त्याच घरात राहिले, काकीच्या हातची पेज प्यायले आणि रोज सकाळी जाऊन मोजत राहिले. त्यात हेही मोजलं की दोर ओढताना माणसं आता एकमेकांच्या हातांकडं बघायला लागली आहेत. आनंदीबायला वाटा कशाला, असं कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, तेही टिपलं.

गावाचा सगळा राग दिगूवर गेला. पाहुणीची वही चोरून वाचली म्हणून. त्याच्या पुढंमागं उभं राहायला कुणी तयार होईना. काकी त्याच्या बायकोशी विहिरीवर बोलेनाशी झाली. मी निघायच्या आदल्या दिवशी तो मला रस्त्यात भेटला. अंगातला सदरा सैल झाल्यासारखा दिसत होता.

“मॅडम, एक विचारू? वही तुम्ही मुद्दाम ठेवलेली काय?”

मी म्हटलं, “नाही. विसरले होते.”

त्यानं मान हलवली. “माझीच चूक,” म्हणाला.

वही मी विसरले नव्हते. आदल्या संध्याकाळी, काकांच्याच ओट्यावर बसून, मी नंबर आणि टक्के ह्यांचा तक्ता एका पानावर स्वच्छ अक्षरात उतरवला होता. दिगू सकाळी जाळी उचलायला कधी येतो हे मला ठाऊक होतं. तेच पान उघडून मी वही ढिगावर ठेवली आणि वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला. मग चहाला गेले. चहा मी मुद्दाम सावकाश प्यायले.

प्रबंधात मी लिहिलं, ‘माहिती अनवधानानं उघड झाली.’ सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली, माझ्याकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. फुकट्या उघडा पडल्यावर टोळी त्याला शिक्षा करत नाही, उलट टोळीलाच लाज वाटते, हा निष्कर्ष कुणी आधी मांडलेला नव्हता. प्रबंधाला पारितोषिक मिळालं. त्यावर मला नोकरी मिळाली. पुढं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं की अपराधी वाटणं ही भावना माणसात टिकली, कारण ती माणसाला उठवते आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात नेऊन उभं करते. नुसतं वाटून तिचा काही उपयोग नाही. मुलं लिहून घ्यायची.

मी माडवेळला गेले नाही. तिकडच्या कॉलेजांची परीक्षकाची कामं दोनदा आली, दोनदा नाकारली. तिसऱ्यांदा कुडाळचं आलं तेव्हा घरात एकटीच होते, नाकारायला कारण सापडलं नाही. तोवर बावीस वर्षं झाली होती.

माडवेळच्या बाजारात दिगूचं बर्फाचं दुकान होतं. केस पांढरे झालेले. त्यानं मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, पानाचं, दगडाचं, चहाचं. तो बर्फाची लादी फोडत होता. त्यानं हातोडा खाली ठेवला.

“काका वारले,” तो म्हणाला. “धा वर्षां झाली. मी मयताक गेलंय तर काकीन दारातसून परत धाडला. अजून घरात घेणा नाय.” त्यानं हातोडा पुन्हा उचलला. “माका सांगून काय होतला, मॅडम? काकी आसा, तिका सांगा.”

काकी ओट्यावर कोकमाची सोलं वाळत घालत होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि पाट दिला. बरी आहेस का, मुलंबाळं किती, विचारत राहिली. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली,

“तेंका शेवटपर्यंत एकच लागान रवला. म्हणत, परक्याचा चेडू दीड म्हयनो उन्हात उभा रवला आणि मी तेका खोटो आकडो दिलंय. माझ्यापायी तेचा पुस्तक बुडाला.” सोलं सारखी करत ती पुढं म्हणाली, “सारखे माका विचारीत, बाय पास झाली काय गो? मी काय सांगू?”

मी म्हटलं, “काकी, पुस्तक बुडालं नाही. पहिलं आलं.” आणि मग बाकीचं सांगितलं. सांगताना एकही शब्द मऊ केला नाही, तेवढं एक मला त्या दिवशी जमलं.

काकी ऐकत राहिली. तिचे हात सोलांवर होते ते तिथंच राहिले. रडली नाही, मला बोलली नाही. मग तिनं विचारलं, “दिगूक सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मगे गावाक सांग. सकाळी रापण आसा.”

मला राहा म्हणाली नाही. मी बाजारातल्या लॉजवर उतरले.

सकाळी पुळणीवर चौदा माणसं होती. बाबल तांडेल केव्हाच गेला होता, त्याचा पुतण्या हाळी देत होता. जाळं बाहेर आल्यावर मी त्यांच्यापुढं उभी राहिले. काकी नातीचा हात धरून आली होती. दिगूनं दुकान बंद ठेवलं होतं. तो मागं माडाला टेकून उभा होता. मी सगळं सांगितलं. माझं नाव, वही, पान, दगड, आणि बावीस वर्षांपूर्वी दिगूला दिलेलं उत्तर. चौदांतल्या नऊ-दहा जणांना लवू मेथर कोण हेही माहीत नव्हतं. त्यांनी अदबीनं ऐकून घेतलं. एक पोरगा मोबाईल बघत होता. दोन म्हाताऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या, तशाच, आणि ह्या वेळी ते का, हे मला कळलं. त्यांना माझी लाज वाटत होती.

माझं बोलणं संपलं. वाटे घालायला सुरुवात झाली. काकी नातीला घेऊन वाळूतून हळूहळू माडाकडं गेली. दिगू सरळ उभा राहिला. ती त्याच्यासमोर थांबली, हात पुढं करून त्याचा दंड चाचपला, तोच आहे ह्याची खात्री केली.

“दिगू,” ती म्हणाली, “दुपारी जेवक घराक ये. बायलेक घेवन ये.”

दिगूनं मान हलवली. तो तिच्या बरोबरीनं घराकडं चालू लागला, नात पुढं पळत होती. काकीनं माझ्याकडं वळून पाहिलं नाही, आणि पाहावं असं मलाही वाटलं नाही. साडेनऊची कुडाळ गाडी होती. मी स्टँडकडं निघाले.